डाव्या विंगेतला शालिक

शालिक रामटेके त्या दिवशी प्यायलेला नव्हता.

एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आमच्या गावात आजही जुन्या माणसांना विचारा, रामटेके गुरुजी कोण होते, तर ते सांगतील, "ते का? मंडईच्या नाटकात पेऊन आलते ते." त्याची मास्तरकी, त्याचा स्वभाव, त्यानं लिहा-वाचायला शिकवलेली पोरं, सगळं पुसलं गेलं आणि हे एवढंच उरलं. ते माझ्यामुळे उरलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. लाखनीच्या हायवेवरून आत वळलं की धानाच्या बांध्या सुरू होतात, त्यांत कुठंतरी आहे असं समजावं. शालिकचं नाव मात्र खरं आहे. ते बदलू नका असं मला सांगितलेलं आहे.

आम्ही दोघं जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत होतो. मी मुख्याध्यापक, तो चौथीचा मास्तर. वयानं माझ्याहून थोडा लहान, म्हणून मला 'भाऊ' म्हणायचा. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा शिक्षकांमध्ये मोठी धावपळ उडाली. कोणाला इकडं राहायचं होतं, कोणाला तिकडं जायचं होतं. शालिकच्या बायकोचं, वनिताबाईंचं, माहेर अर्जुनीकडचं, म्हणजे नव्या जिल्ह्यातलं. तिची फार इच्छा होती. शालिक गेला नाही. मी विचारलं, "काहून रे, बायकोचं ऐकत नाहीस?"

"तिकडं गावोगाव नाटकवाले हायेत, भाऊ. तिथं मले कोण विचारन? अन् मी गेलो तं पुंडलिकचं काय? तो माझ्याबिगर मरूही शकत नाही."

पुंडलिक आमच्या गावचा शिंपी आणि आमच्या नाट्यमंडळाचा कायमचा नायक. तो बहुतेक नाटकांत शेवटी मरायचा. मी दिग्दर्शक, माणूस कमी पडला तर एखादं कामही करायचो. आणि शालिक प्रॉम्प्टर.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. दिवसभर दुकानं, आकाशपाळणा, दंडारीचे नाच-गाण्याचे खेळ. रात्री बाहेरून बोलावलेल्या कंपनीचं नाटक. आमच्या हौशी मंडळाला रात्र कधीच मिळायची नाही. आमचं नाटक दुपारचं, भर उन्हात. दिवसाच्या नाटकात काही लपत नाही. दाढीचा डिंक सुटलेला दिसतो, राणीच्या लुगड्याखालची पुरुषाची पावलं दिसतात. फक्त शालिक दिसायचा नाही. डाव्या विंगेत, पडद्याची कड दोन बोटांत धरून तो उभा असायचा. पुस्तक हातात, पण नजर पुस्तकात नाही, नटाच्या गळ्यावर. तो म्हणायचा, माणूस अडकणार असला की आधी गळा हलतो, मग डोळे फिरतात. डोळे फिरेपर्यंत थांबलं तर उशीर झाला.

आणि तो कधीही अख्खं वाक्य द्यायचा नाही. अख्खा शब्दसुद्धा नाही. "अख्खं वाक्य दिलं का नट भिकारी होते, भाऊ. हात पसरून उभा राहते. अर्धा शब्द द्या, बाकीचं त्याच्याजवळच असते."

एकदा हा अर्धा शब्द अंगावर आला. पुंडलिकचं वाक्य होतं, "कलेक्टरसाहेब, हा अन्याय आहे!" पुंडलिक अडकला. विंगेतून आलं, "कले..." पुंडलिकनं छाती पुढं काढली आणि गर्जला, "कलेजासाहेब, हा अन्याय आहे!" मांडव हसून हसून आडवा झाला. पुढं कित्येक दिवस गावातली पोरं पुंडलिकच्या दुकानापुढून "कलेजासाहेब, पायजमा झाला का?" असं ओरडत जायची. मी तालमीत पुंडलिकला झापायला लागलो तेव्हा शालिक मध्ये पडला. "त्याची चूक नाही, भाऊ. जिथून दोन वाटा फुटतात तिथं अर्धा शब्द द्यायचाच नाही. चूक माझी." कोण कुठं अडकला, कोणाला किती वेळा शब्द द्यावा लागला, हे त्यानं कधी बाहेर सांगितलं नाही. घरी बायकोलासुद्धा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं मी नेमकं उलटं केलं.

वर्गातही तो असाच. एक पोरगा तोतरा होता. बाकीचे मास्तर त्याला वाचायला उठवायचेच नाहीत. शालिक उठवायचा. पोरगा "भा... भा..." करायला लागला की शालिक हळूच "भार..." म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघत उभा राहायचा, जणू त्याला काही घाई नाही. पोरगा आपला आपण "भारत" म्हणायचा. मग शालिक मान डोलवायचा. शाबास वगैरे काही नाही.

अख्खं वाक्य तो एकाच ठिकाणी द्यायचा, विहारात. पौर्णिमेच्या वंदनेला पुढं बसून तो पंचशील सांगायचा आणि लोक त्याच्या मागून म्हणायचे. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की तो जरा थांबायचा, डोळे वर करून वस्तीतल्या दोन-चार ठरावीक म्हाताऱ्यांकडं बघायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. म्हातारे खाली बघत पुटपुटायचे. "आवाज येऊ द्या, काकाजी," शालिक म्हणायचा. त्याच्या बापानं दीक्षा घेतल्यापासून त्या घरात दारूचा थेंब शिरला नव्हता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

त्याच्या बापाबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात. बकाराम त्याचं नाव. मी तरुण होतो तेव्हा त्याला पाहिलेलं आहे. शांत, कामाला वाघ. पन्नाशी ओलांडली आणि माणूस बदलला. कोणाच्याही घरात शिरून गूळ उचलून खायचा. चारचौघांत धोतर सोडायचा. बायको पडली, हात मोडला, तर हा तिला ओलांडून पुढं गेला. गावानं त्याला एक शब्द ठेवला, 'उलटला'. बकाराम उलटला. शेवटी शेवटी त्याला खाटेला बांधून ठेवत. तो गेला, आणि गाव ते विसरलं. मी विसरलो नव्हतो, पण शालिकशी त्याचा संबंध लावण्याइतकं डोकं मी चालवलं नाही.

शालिक बदलायला लागला तो एका एवढ्याशा गोष्टीपासून. तालमीत तो अख्खी वाक्यं द्यायला लागला. तीही मोठ्यानं, नट अडकला नसतानाही. पुंडलिक चिडायचा, "अगा गुरुजी, मले बोलू द्या ना!" शालिक ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तेच. मग गोड. खिशात बत्तासे, बुंदी, साखरेचे खडे. मग एक दिवस पोरांच्या डब्यातली गूळपोळी उचलून खाल्ली. एका पोरीची आई भांडायला आली तेव्हा तो तिच्याकडं नुसता बघत होता. मी त्याला ऑफिसात बोलावून विचारलं, "शालिक, काय होऊन राहिलं तुले?"

"कुठं काय?" तो म्हणाला. चेहऱ्यावर काही नाही. लपवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरही काहीतरी असतं. इथं तेही नव्हतं.

पूर्वी आमच्या नाटकातला बाप मरायचा तेव्हा शालिक दर वर्षी विंगेत रडायचा. पुस्तक त्याला पाठ, बाप मरणार हे माहीत, पुंडलिक उठून चहा पिणार हेही माहीत, तरी रडायचा. त्याचं रडणं थांबलं कधी, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मग माझी बायको गेली. शांता. तालमीच्या दिवसांत सगळ्यांसाठी भजी तळायची. शालिकवर तिचा जीव होता. तो तिला 'वैनी' म्हणायचा आणि भजीची पहिली परात त्याच्यापुढं जायची. तिला अंगणात ठेवलं होतं. शालिक आला, चप्पल काढली, तिच्या पायाशी उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडेल आणि मग मलाही रडता येईल. तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, "भाऊ, आता तालमीले भजे कोण करन?" आणि हसला. मग तिच्या उशाशी ठेवलेलं केळं उचललं, सोललं आणि खाल्लं.

वनिताबाईंनी त्याला ओढत बाहेर नेलं. पण ते केळं मी विसरलो नाही.

पुढच्या मंडईला नाटक करू नये असं काही जण म्हणाले, काही म्हणाले, वैनीला आवडलं असतं, करा. केलं. एका बापलेकीचं नाटक होतं. शेवटी बाप मरतो, मुलगी त्याचा हात धरून बसते, मांडवात रुमाल निघतात. दुपार कलायला आली होती. बायामाणसं खरंच रडत होती. शांता गेल्यानंतर पहिल्यांदा माझेही डोळे भरून आले होते, आणि मी उजव्या विंगेत ते पुसत उभा होतो. तेवढ्यात समोरचा पडदा हलला आणि शालिक रंगमंचावर आला.

पुस्तक हातात, चष्मा कपाळावर. सावकाश चालत आला, खाटेवर मेलेल्या पुंडलिकच्या शेजारी बसला. पूजेच्या ताटात बत्तासे होते, त्यातले उचलून तोंडात टाकले. मग पुंडलिकच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "उठ ना बे, मेल्यावानी काय पडला?"

मग मांडव फुटला. लोक हसून लोळायला लागले. मेलेला पुंडलिक हसायला लागला. मुलीचं काम करणारा पोरगा पदरात तोंड घालून हसत होता. ज्या बाया आत्ता रडत होत्या, त्याही हसत होत्या. मला ते हसणं माझ्या अंगणातलं वाटलं. शांताच्या पायाशी उभं राहून कोणी हसतंय तसं.

मी मंचावर गेलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

हसणं थांबलं. माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या श्वासाला बत्ताशांचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता. हे मी आज शपथेवर लिहितो आहे. मला त्याच वेळी माहीत होतं. तरी मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मंडळी, माफ करा. प्रॉम्प्टर पेऊन आला."

मांडवानं सुटकेचा श्वास सोडला. आता सगळं समजण्यासारखं झालं होतं. कोणीतरी शिटी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. त्याच्या वस्तीबद्दल आमच्या वस्तीत जे आधीपासून बोललं जायचं, त्यात माझं वाक्य बरोबर जाऊन बसलं. पुढच्या रांगेत पोरींमध्ये त्याची मुलगी करुणा बसली होती, ती तेवढी हसत नव्हती. शालिकनं गालावर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि हसत हसत माझंच वाक्य परत म्हटलं. "प्रॉम्प्टर पेऊन आला. प्रॉम्प्टर पेऊन आला." अख्खं वाक्य.

पुढचं सगळं त्या वाक्यानं केलं. विहारात त्याला सांगितलं गेलं, गुरुजी, तुम्ही आता पुढं बसू नका, मागं बसा. शाळेबद्दल तक्रार गेली. वरून साहेब आले, माझ्या ऑफिसात चहा पीत त्यांनी विचारलं, "हे रामटेके पितात का हो?" मी टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि होय म्हणून मान हलवली. त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. मग नातेवाइकांनी वनिताबाईंच्या मागं लागून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. जो माणूस आयुष्यात प्यायला नाही, त्याची दारू सोडवायला. तो तिथून पळायचा, म्हणून त्याला तिथं बांधलं. बकारामला घरच्यांनी बांधलं होतं, शालिकला माझ्या वाक्यानं बांधलं.

तिथं एक तरुण डॉक्टर येत असे. त्याच्या लक्षात आलं की या माणसाचे हात थरथरत नाहीत, घाम फुटत नाही, दारू मागत नाही. मागतो फक्त साखर. त्यानं वनिताबाईंना सांगितलं, यांना नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडं न्या. सोबत शिकलेला माणूस हवा म्हणून वनिताबाई माझ्याकडंच आल्या. त्यांना दुसरं कोण होतं?

नागपूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरली. मेंदूचा कपाळामागचा भाग आणि कानाजवळचे भाग आक्रसलेले होते, मोहाचं फूल वाळून चिमतं तसे. मागचा मेंदू चांगला होता. डॉक्टर म्हणाले, हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार आहे, पण यात आठवण आधी जात नाही. आधी माणसाचं भान जातं. कुठं काय बोलावं, कुठं थांबावं, दुसऱ्याला काय वाटत असेल, ते सांभाळणारा भाग हाच. "लोकांना वाटतं माणूस बिघडला, माजला, प्यायला. यांना स्वतःला काही बिघडलंय हे कळतच नाही." मग त्यांनी विचारलं, "यांच्या वडिलांना असं काही झालं होतं का? हे काही घरांत रक्तातून येतं."

वनिताबाई म्हणाल्या, "नाही."

मी शेजारी बसलो होतो. बकारामला मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी गप्प बसलो.

परतीच्या एसटीत शालिक खिडकीशी बसून खिशातली बुंदी मोजल्यासारखी एकेक खात होता. साकोलीची गाडी होती, गर्दी होती. वनिताबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गुरुजी, एक मागू का?"

"बोला ना, बाई."

"दारूच म्हणा."

मला समजलं नाही. त्या म्हणाल्या, "दारू घरोघरी हाय. बाप पेते म्हणून कोणी पोरीले नाही म्हणत नाही. पण रगतात हाय म्हणलं, तिचा आजा उलटला, बाप उलटला म्हणलं, तं माझ्या करुणाले सून कोण करन? गावाले आज्याचा अन् बापाचा संबंध अजून लागला नाही. लागू देऊ नका. तुम्हीच म्हणलं होतं ना दारू? तेच राहू द्या."

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझं खोटं आता त्या बाईच्या इच्छेनं चालणार होतं. मला ते कधी मागं घ्यावं लागणार नव्हतं. मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "बरं, बाई. तुम्ही म्हणता तसं."

शालिक त्यानंतर बरीच वर्षं जगला. आधी गेलं भान, मग गेले शब्द. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. बुंदी घेऊन जायचो, कारण दुसरं काय न्यावं ते समजायचं नाही. बोलणं आटत गेलं तसं एकच वाक्य राहिलं, तेही का राहिलं ते देव जाणे. मला बघून म्हणायचा असं नाही, कुत्र्याला बघून, भिंतीला बघून, कोणालाही म्हणायचा, "प्रॉम्प्टर पेऊन आला." वनिताबाई कामात असल्यासारखं दाखवायच्या. मग तेही गेलं.

मी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा धानाची कापणी सुरू होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याच्यापुढं बसलो. मला माफी मागायची होती. ठरवून गेलो होतो. "शालिक, मा..." एवढं म्हणालो आणि पुढचं येईना. इतक्या वर्षांची सवय. अडकलो की मी त्याच्याकडं बघायचो, त्याच्याकडंच बघितलं. बाकीचं माझ्याजवळ आहे असं तो म्हणायचा. ते माझ्याजवळ नव्हतं. तो माझ्या हातातल्या पुड्याकडं बघत होता. मी पुडा उघडून दिला. निघताना मागं वळून पाहिलं, तर तो उठून दारापर्यंत आला होता. दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्यामागं अर्धा दडून, पडद्याची कड दोन बोटांत धरून, तो उभा होता.

तो गेला. काही वर्षांनी वनिताबाई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनानंतर करुणा माझ्याकडं आली. ती नागपूरला एका प्रयोगशाळेत काम करते. लग्न झालेलं आहे. ओसरीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काकाजी, आई होती तोवर मी गप्प होती. आता तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"बाबा पेत नव्हते, एवढंच."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. बाप जिवंत असतानाच तिनं त्याचं रक्त तपासायला दूर पाठवलं होतं. ती म्हणाली, आपल्या शरीरात प्रत्येक कामाची संहिता दोन प्रतींत असते, एक आईकडची, एक बापाकडची. त्यांच्या घरात प्रोग्रॅन्युलिन नावाच्या प्रथिनाच्या संहितेच्या एका प्रतीत एक अक्षर गळलेलं आहे. त्यामुळे पुढचा मजकूर बिघडतो, वाक्य मध्येच तुटतं, आणि पेशी असला तुटका मजकूर वाचतच नाही, फाडून टाकते. मग उरते दुसरी प्रत. तिच्यावर प्रथिन बनतं, पण अर्धंच.

"अर्ध्यात भागत नाही का?" मी विचारलं.

"भागते. चाळीस-पन्नास वर्षं भागते. पेशीतला कचरा साफ करायले ते प्रथिन लागते. अर्ध्यात साफसफाई रेंगाळते, कचरा साचत जाते. मग एक दिवस नाही भागत."

मग म्हणाली, "अजून एक प्रथिन असते, काकाजी. टीडीपी म्हणतात त्याले. त्याचं काम पेशीच्या केंद्रात, आतमध्ये. संहितेतले नको ते तुकडे गाळायचे, कोणतं वाक्य कवा जायचं ते पाहायचं. आतच राहायचं, दिसायचं नाही. या आजारात ते आपली जागा सोडून बाहेर येते अन् बाहेरच गोळा होऊन बसते. आत कोणी उरत नाही, अन् बाहेर त्याच्या गुठळ्या." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी हे पहिल्यांदा वाचलं ना, तवा मले बाबाच दिसले. विंगेतून निघून खाटेवर बसलेले."

मला हा दृष्टांत ऐकायचा नव्हता. पण तो तिचा होता आणि तिला हक्क होता. पन्नाशीलाच का, मेंदूच्या पुढच्याच भागात का, हे विचारलं तर म्हणाली, कोणालाच अजून नीट माहीत नाही. लवकर कळलं असतं तर? "औषध तवाही नव्हतं, आताही नाही, शोधून राहिले लोक. पण लवकर कळलं असतं तं त्याहिले कोणी बांधलं नसतं. मारलं नसतं." शेवटचा शब्द ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. "आणि तू?"

"लेकराले ते येण्याची शक्यता अर्धी असते. यायचं तं येते, नाही तं नाही. लग्नाआधी मी माझ्या नवऱ्याले सगळं सांगतलं. तो म्हणाला, चाल. आईले हे कधी पटलं नसतं." ती जरा हसली. "मी तपासलं का नाही, ते मी तुम्हाले सांगणार नाही, काकाजी. ते माझं हाय. तुमचं काम दुसरं हाय. जिथं बोलले होते तिथंच बोला."

यंदाच्या मंडईत मी गेलो. आता आमचं मंडळ नाही. पुंडलिक नाही. दुपारी पोरापोरींचे नाच असतात, गाणी मोबाइलवरून लावतात. मी आयोजक पोरांना म्हटलं, मला दोन मिनिटं माइक द्या. म्हातारा मास्तर आहे म्हणून दिला. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी शालिकला पाहिलेलंही नव्हतं. मागं काही पांढरी डोकी होती, त्यांनी मान वर केली. करुणा पुढच्या रांगेत बसली होती, साधारण तिथंच, जिथं त्या दिवशी होती.

मी म्हणालो, "मी या मंचावरून एकदा खोटं बोललो होतो. शालिक रामटेके गुरुजी त्या दिवशी..."

आणि अडकलो. वाक्य पाठ होतं. रात्रंदिवस पाठ केलं होतं. तोंड उघडं राहिलं, लाऊडस्पीकर खरखरत होता, कोणीतरी खोकलं. माझी नजर सवयीनं डाव्या विंगेकडं गेली. तिथं एक मोठा स्पीकर उभा केला होता आणि त्यावर कोणाची तरी पाण्याची बाटली होती.

तेव्हा समोरून आलं. आवाज नाही, नुसते ओठ. करुणा माझ्या गळ्याकडं बघत होती. "पे..."

तिथून दोन वाटा फुटत होत्या. एकीवरून मी एकदा गेलो होतो. शालिक असता तर तिथं अर्धा शब्द दिला नसता. पोरीनं दिला आणि खिडकीबाहेर बघावं तशी दुसरीकडं बघत थांबली, जणू तिला काही घाई नव्हती.

"पेऊन नव्हते," मी म्हणालो. "ते कधीच पेले नाहीत. ते आजारी होते. अन् मले ते माहीत होतं."

मागच्या पांढऱ्या डोक्यांपैकी एकानं हात जोडले, कशासाठी ते समजलं नाही. पोरांनी चार टाळ्या वाजवल्या आणि पुढचं गाणं लागलं.

मंचावरून उतरायला करुणानं हात दिला. गर्दीतून बाहेर आल्यावर म्हणाली, "आता लिहून काढा, काकाजी. नाव खरं ठेवा."

तिला नागपूरची एसटी पकडायची होती. मी मांडवाच्या टोकापर्यंत सोडायला गेलो. एका दुकानापुढं थांबून तिनं बत्तासे घेतले, पुडा पर्समध्ये टाकला. त्यातला एक तोंडात टाकला. मी तिच्याकडं बघत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

"साधा बत्तासा हाय, काकाजी," ती म्हणाली.

मी मान हलवली.